घाणा टाळून डिझेल: करंजाच्या बियांची नोंदवही, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा

१० मार्च २०२४

ओढ्याच्या काठाला आमची सात करंजाची झाडं आहेत. वडिलांनी बांध धरून राहावा म्हणून लावलेली. दरवर्षी शेंगा पडतात, कुजतात, पावसात वाहून जातात. आजोबांच्या काळात त्याचं तेल दिव्याला आणि गुरांच्या खरजेला जायचं. आता दिव्याला वीज आणि खरजेला इंजेक्शन.

पुतण्या बेळगावला एमएस्सी करतोय, त्याचा प्रकल्प आहे बायोडिझेलचा. मला म्हणाला, "काका, घाण्यावर न जाता बी कुटून थेट डिझेल करायचं. तेल काढायचंच नाही." मी ३१ वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिक्स आणि पोल, म्हणजे रसात विरघळलेलं सगळं आणि त्यातली साखर, मोजले. तेल न काढता तेलाचं इंधन हे ऐकून आधी हसलो, मग रात्री झोप आली नाही. म्हणून ही वही. त्याची कॉलेजची वही इंग्रजीत आहे, तिच्यात फक्त आकडे असतील. बाकीचं इथे.

थोडक्यात काम असं. तेल म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांड्याला लटकलेली तीन मेदाम्लं. मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक पोटॅश (एक तीव्र अल्कली) मिळाले की ती दांड्यावरून सुटतात आणि एकेक मेथॅनॉल धरून बसतात. तेच बायोडिझेल. ग्लिसरीन मोकळं होऊन खाली बसतं. नेहमीच्या रीतीत हे सगळं गाळलेल्या तेलावर करतात. थेट रीतीत बियांचा कूटच मेथॅनॉलमध्ये टाकायचा. तेच मेथॅनॉल तेलाला आत जाऊन गाठणार आणि तेच त्याच्याशी जुळणार.

१७ मार्च

शेंगा गोळा केल्या. झाडावरच्या नाहीत, खाली पडलेल्या वाळक्या. हातात घेतली की करंजीच आठवते, फक्त मुरड नाही. बहुतेक शेंगांत एकच बी, क्वचित दोन.

किलतानात भरून काठीने बडवल्या, मग सुपाने पाखडल्या. ८ किलो शेंगांतून बी निघालं ३.६ किलो. म्हणजे निम्म्याहून कमी. दोन माणसं, अर्धा दिवस. हे काम कोणत्याच शोधनिबंधात नसतं.

शेजारची आज्जी कुडाच्या पलीकडून बघत होती. "काय करुलालास गा? म्हातारपणी करंजं येचायला लागलास?" मी म्हटलं, डिझेल करतोय. "बरं बरं. पेंड राहिली तर मला दे की, भाताच्या तरव्याला."

पेंडीचं पुढे बघू म्हटलं.

२४ मार्च

होळी. टरफलं सगळी होळीत गेली. छान पेटतात.

पुतण्याने आणलेले दोन-तीन जुने निबंध वाचले. कल्पना नवी नाही. १९८५ मध्ये हॅरिंग्टन आणि डार्सी-इव्हान्स यांनी सूर्यफुलाच्या बियांवर आम्ल वापरून हे करून पाहिलं होतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या हास आणि मंडळींनी सोयाबीनच्या पोह्यांवर अल्कली वापरून केलं. पोहे म्हणजे खरोखर पोहेच, दाणे चेपून पातळ केलेले. त्यांचा मेथॅनॉलचा आकडा वाचून मी चष्मा पुसला. तेलाच्या एका रेणूमागे मेथॅनॉलचे २२६. नेहमीच्या रीतीत सहा लागतात, त्यातलेही तीनच खरे खपतात.

आणि एक गोष्ट. त्याच मंडळींनी पुढे दाखवलं की पोहे आधी कडक वाळवले तर मेथॅनॉल बरंच कमी पुरतं. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. आपण खानापूरचे. वाळवणं म्हणजे काय, ते आम्हाला जुलैत विचारा.

एक ठरवलं: मेथॅनॉलचं काहीही घरी करायचं नाही. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. कातडीतून आणि वाफेतूनही शिरतं. दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही, म्हणजे पेटलेलं कळायच्या आधी हात भाजतो. सगळं कॉलेजच्या लॅबमध्ये, धुराड्याखाली, पाण्याच्या कढईवर. बर्नर नाही. घरी फक्त बी.

३० मार्च

तीन मोजमापं.

ओलावा: उन्हात आठ दिवस वाळवलेल्या बियांत ९ टक्के. दाताखाली कुडुम वाजतं, तरी ९.

तेल: सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात आठ तास हेक्झेन (तेल विरघळवणारा द्रावक) फिरवून ३२ टक्के. करंजाला साधारण तिशीच्या आसपास मिळतं, तेव्हा ठीक.

आम्लांक: ४.२. म्हणजे एक ग्रॅम तेलातली सुटी आम्लं मारायला ४.२ मिलिग्रॅम पोटॅश. सुटी मेदाम्लं साधारण २ टक्के. अल्कलीच्या रीतीला हे काठावरचं आहे. एकच्या आत असलं तर बरं.

टायट्रेशन मी केलं. फिनॉल्फ्थलीनचा गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब मोजायचे. तेल मुळातच पिवळट-तांबूस असल्यामुळे रंग कळायला त्रास होतो. पुतण्या दोन थेंब पुढे गेला. मी काही बोललो नाही, बाटली माझ्याकडे ओढून घेतली.

२ एप्रिल

हिशेब, पाटीवर केला तसाच इथे उतरवतो.

१०० ग्रॅम कूट. त्यात तेल ३२ ग्रॅम. तेलाचा रेणूभार ८८० धरला. नेहमीच्या रीतीने, म्हणजे एकास सहा, मेथॅनॉल लागेल ७ ग्रॅम, साधारण ९ मिली. आम्ही एकास दोनशे धरून चाललोय: २३३ ग्रॅम, म्हणजे २९४ मिली.

नऊ कुठे आणि दोनशे चौऱ्याण्णव कुठे. आणि खरं खपणार साडेतीन ग्रॅम. बाकीचं सगळं नुसतं वाहन. देवाच्या पालखीला दोनशे भोई.

पोटॅश ३.३ ग्रॅम. पण बाटलीवर ८५ टक्के लिहिलंय (या गोळ्या हवेतलं पाणी ओढतात, शंभर टक्के कधीच नसतात), म्हणून ३.९ ग्रॅम.

एवढं मेथॅनॉल का, तर तेल मेथॅनॉलमध्ये विरघळत नाही. पण बायोडिझेल विरघळतं. तेव्हा कुटाच्या कणाच्या तोंडाशी जे तेल येतं ते आधी बदलतं आणि मग बाहेर पडतं. काढणं आणि बदलणं एकाच ठिकाणी चाललेलं असतं. मला हे फार आवडलं. उसातून साखर काढताना आम्ही इतकी वर्षं फक्त काढतच होतो.

६ एप्रिल

पहिली खेप. १०० ग्रॅम कूट, मिक्सरला फिरवून चाळलेला, ओलावा ९ टक्के, मुद्दाम न वाळवता. ६० अंश (मेथॅनॉल ६४.७ ला उकळतं, म्हणून त्याच्या आत), वर पाण्याचा कंडेन्सर (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणारी नळी), सहा तास ढवळणी.

संध्याकाळी गाळलं. कपड्यातून उतरायलाच तास लागला. मेथॅनॉल उडवलं तर खाली उरलं ते बायोडिझेल नव्हतं, पिठलं होतं. कोमट पाणी घातल्यावर पांढरं फेसाळलं आणि तसंच राहिलं. रात्रभर ठेवून वरून जेमतेम ११ ग्रॅम गढूळ तेलकट द्रव मिळाला.

साबण. पाण्यात पोटॅश असला की तो मेथॅनॉलशी जुळवून देण्याऐवजी तेलालाच साबण करतो. १०० ग्रॅम कुटात ९ ग्रॅम पाणी म्हणजे तिथे पाण्याचीच जत्रा.

९ एप्रिल

पाडवा. गुढीला कडुनिंब. वहिनी म्हणाल्या, त्याच्या निंबोळ्यांचं पण डिझेल होतं का? होतं. आता नको.

१३ एप्रिल

दुसरी खेप. कूट ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चार तास. ओलावा दोनच्या खाली आला. बाकी सगळं तेच.

गाळताना फरक लगेच कळला. कूट मोकळा होता, गाळलेलं द्रव पारदर्शक, गडद चहाच्या रंगाचं. पोरगा खूश. मीही.

मग आम्ही माती केली. मेथॅनॉल परत मिळवायच्या घाईत तसंच ऊर्ध्वपातनाला चढवलं. अर्धं उडाल्यावर द्रव गढूळला, मग दाटला, मग फ्लास्कच्या तळाला जेली. कारण नंतर सुचलं. ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. पोटॅश जिवंत आहे, ग्लिसरीन जवळच आहे, आणि तुम्ही मेथॅनॉल काढून घेताय. मग झालेलं बायोडिझेल ग्लिसरीनशी परत जुळणारच. आधी पोटॅश मारायला हवा होता.

३१ वर्षं रसाचा सामू सांभाळला आणि इथे विसरलो. हे वहीत ठळक लिहून ठेवतो: आधी उदासीन कर, मग उकळ.

१४ एप्रिल

तिसरी खेप. सगळं कालच्यासारखं. गाळल्यावर सल्फ्युरिक आम्लाचे थेंब, पट्टी सातवर येईपर्यंत. तळाला पांढरे कण बसले, पोटॅशियम सल्फेट. पुन्हा गाळलं. मग उडवलं.

मेथॅनॉल जात गेलं तसे दोन थर दिसायला लागले. खाली काळसर, मधासारखं ग्लिसरीन. वर सोनेरी. पृथक्करण नरसाळ्याचा कॉक उघडला तेव्हा दोघंही बोलत नव्हतो. काळं संपून सोनेरी कधी सुरू होतं ते बोटाने धरायचं असतं, एक थेंब इकडचा तिकडे नको.

धुताना कोमट पाणी वरून सोडायचं, घुसळायचं नाही. घुसळलं की ताक. तीन पाण्यांनंतर खालचं पाणी स्वच्छ. वाळवून वजन: २७ ग्रॅम. सगळं तेल बदलतं तर ३२ च्या आसपास मिळालं असतं.

मग साधी परीक्षा: ३ मिली नमुना, २७ मिली मेथॅनॉल, हलवून ठेवायचं. बायोडिझेल विरघळतं, न बदललेलं तेल खाली बसतं. परीक्षानळी खिडकीशी धरली. तळाला काही नाही. पुतण्याने पुन्हा हलवली, पुन्हा धरली. काही नाही.

बाहेर येऊन चहा घेतला. नेहमी त्याचे पैसे मी देतो, आज त्याने दिले.

२० एप्रिल

कूट किती बारीक? रव्याइतका जाड ठेवला तर २१ ग्रॅम. मैद्याइतका बारीक केला तर मिक्सरच्या भांड्यातच तेल सुटून लगदा झाला आणि गाळणी चोंदली. इडली रव्यापेक्षा थोडा बारीक बरा. शास्त्रीय भाषेत किती मायक्रॉन ते पोराच्या वहीत आहे.

२७ एप्रिल

आज खरा हिशेब मांडला आणि जरा शांत झालो.

मेथॅनॉलची वाफ करायला किलोमागे साधारण ११०० किलोज्यूल उष्णता लागते. २३० ग्रॅमला झाले २५३. थंड मेथॅनॉल उकळीपर्यंत आणायला आणखी वीसेक. म्हणजे २७५. आणि मिळालेलं बायोडिझेल २७ ग्रॅम, किलोला ३७.५ मेगाज्यूल धरले तर त्यात हजाराच्या आसपास किलोज्यूल.

चौथ्या हिश्श्याहून जास्त इंधन मेथॅनॉल परत मिळवण्यात जळलं. हे सगळं परत मिळालं असं धरून. प्रत्यक्षात कंडेन्सरमधून निसटतं, चोथ्यात अडकतं. चोथ्याने जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं मेथॅनॉल धरून ठेवलेलं असतं. तो वाळवायचा तर पुन्हा उष्णता, आणि वाफ पुन्हा धरायची. आमचं परत मिळणं ८२ टक्क्यांपुढे गेलं नाही.

एक बरं, मेथॅनॉल आणि पाण्याचं इथेनॉलसारखं गूळपीठ होत नाही. इथेनॉल साध्या ऊर्ध्वपातनाने ९५.६ टक्क्यांपुढे जातच नाही, पाणी सोडत नाही. मेथॅनॉल नीट स्तंभ लावला तर वेगळं होतं.

पोराने मग विचारलंच, "काका, इथेनॉल का नको? आपल्या जिल्ह्यात ऊस किती!" प्रश्न चांगला. करता येतं, इथाइल एस्टरही, म्हणजे इथेनॉल धरून बसलेली मेदाम्लंही, इंधनच. पण इथेनॉल पूर्ण निर्जल लागतं, आणि ग्लिसरीन वेगळं व्हायला कुरकुरतं. उलट मेथॅनॉलचं दुखणं असं की आपल्या देशात लागणारं बहुतेक मेथॅनॉल बाहेरून येतं. बी ओढ्याकाठचं, ते बदलणारं परदेशचं.

७ मे

मतदान. लॅब बंद. बी गच्चीवर पत्र्यावर पसरलं.

११ मे

उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो, ५ लिटरच्या फ्लास्कसाठी ढवळणीचा दांडा आणि झाकण करून घ्यायला. स्टेनलेस, कारण काच-काच करत राहिलो तर सगळं मोडेल. मिस्त्री कानडी, मी मराठी, दोघांची हिंदी कामापुरती. "होंगे एण्णे?" म्हणाला, म्हणजे करंजाचं तेल? हो, तेच. त्याच्या आज्ज्याकडे बैलगाडी होती, कण्याला होंगेचं तेल घालायचे.

वॉशर साधं रबराचं टाकलं होतं. टेफ्लॉनचं करा म्हटलं. बायोडिझेल साधं रबर फुगवतं.

परत येताना गर्दीच गर्दी, शिवजयंतीच्या चित्ररथांचे दिवस. एका मंडळाच्या मांडवात जनरेटर चालू होता, डिझेलचा धूर. मी उगाच दोन मिनिटं तिथे थांबलो.

१८ मे

किलोची खेप. १ किलो कूट, २.९ लिटर मेथॅनॉल, ३९ ग्रॅम पोटॅश. विभागातल्या सरांनी बरोबर थांबायचं कबूल केलं तेव्हाच केली. पोटॅश आधी मेथॅनॉलमध्ये विरघळवायचा, तेव्हा भांडं तापतं, म्हणून थोडा थोडा.

सहा तासांनी २५२ ग्रॅम. शंभर ग्रॅममागचं प्रमाण थोडं घसरलं. ढवळणी मोठ्या भांड्यात कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. कूट तळाला बसून राहतो, जसं मोठ्या पातेल्यात भात लागतो.

२१ आणि २४ तारखेला आणखी दोन खेपा. एकूण ७६० ग्रॅम, म्हणजे ८६० मिली.

२६ मे

इंजिन. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं जुनं, पट्ट्याचं. ३.२ लिटर डिझेलमध्ये ८०० मिली आमचं. वीस टक्के.

आधी नुसत्या डिझेलवर दहा मिनिटं चालवलं, मग मिश्रण. आवाजात मला फरक कळला नाही, पोराला कळला म्हणे. धूर थोडा कमी काळा. वास मात्र वेगळा, देवळातल्या विझत्या वातीसारखा. दोन तास पाणी ओढलं. तिसऱ्या तासाला इंजिन गचके द्यायला लागलं. फिल्टर उघडला तर काळी घाण. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला साका बायोडिझेलने सोडवून पुढे ढकलला होता. हे होतं असं वाचलेलं होतं. वाचलेलं असून टाकी धुतली नाही.

फिल्टर बदलला, पुन्हा चालू. उरलेलं संपेपर्यंत नीट चाललं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओट्टो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उडुपी श्रीनिवास यांनी तर होंगेचं नुसतं तेलच डिझेल इंजिनात घालून गावांत वीज करायचा घाट घातला. तेव्हा करंज आणि इंजिन यांची सोयरीक आपल्या राज्यात जुनी आहे. कर्नाटकाने २००९ मध्ये स्वतःचं जैवइंधन धोरणही केलं, होंगे, कडुनिंब, मोह अशा झाडांवर. मोगली एरंडाच्या मागे देश लागला होता त्यापेक्षा हे शहाणपणाचं, कारण ही झाडं आधीपासून बांधावर उभी होती.

८ जून

पाऊस. जांबोटीकडून येतो तो तसाच, आडवा. ओढ्याकाठी राहिलेल्या शेंगा चिखलात. अंगणाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका किलतानातही पाणी शिरलं. हात घातला तर आत गरम. शेंग फोडली तर बीवर हिरवी बुरशी, वास आंबूस.

फेकायचं नाही म्हटलं. बघायचंच आहे तर हेही बघू.

१५ जून

भिजलेल्या बियांचा ओलावा २१ टक्के. ओव्हनमध्ये वाळवून दोनच्या खाली आणला. कूट दिसायला बरोबर तसाच. मी मनात म्हटलं, पाणी गेलं, विषय संपला.

आम्लांक काढला. २४.

पुन्हा काढला. २४.

म्हणजे सुटी आम्लं १२ टक्के. पाणी गेलं पण पाण्याने केलेलं राहिलं. बी ओलं झालं की त्याला वाटतं उगवायची वेळ झाली. आतला लायपेज नावाचा विकर जागा होतो आणि तेल फोडायला लागतो. बीच्या दृष्टीने बरोबरच आहे, त्याला कोंभाला खाऊ घालायचंय. वाळवून फोडलेलं परत जुळत नाही.

१०० ग्रॅम कुटावर खेप केली, माहीत असून. ३२ ग्रॅम तेलातली सुटी आम्लं मारायलाच पोटॅश गेला ०.७७ ग्रॅम, घातलेल्याच्या जवळजवळ पाव हिस्सा. बाकी साबण. नरसाळ्यात तीन दिवस ठेवलं, थर पडलेच नाहीत. मध्ये लोण्यासारखा पट्टा. शेवटी १४ ग्रॅम.

अशा बियांना आम्लाची रीत लागते. आधी सल्फ्युरिक घालून सुटी आम्लं एस्टर करायची, मग पुढचं. जमतं, पण वेळ फार आणि साध्या लोखंडाचं भांडं खातं.

मार्चमध्ये मी पेन्सिलने वाळवण्याखाली रेघ मारली होती. ती अर्धीच बरोबर होती. बी कधी वाळवलं यापेक्षा बी कधी ओलं झालं हे महत्त्वाचं. आमच्या भागात शेंग पडते आणि पाऊस येतो यात दोन-अडीच महिने असतात. तेवढ्यात वेचून, सोलून, छपराखाली गेलं पाहिजे. लॅबमधलं सगळं त्यानंतर.

२९ जून

पोराचा प्रबंध लिहायला घेतलाय. त्यात तुलना हवी म्हणून पावसाआधीच्या कोरड्या बियांतलं उरलेलं २० किलो (मधल्या दोन महिन्यांत शेजारच्या पोरांना किलोमागे पैसे देऊन गोळा केलेलं) घाण्यावर नेलं. ४.८ किलो तेल. २४ टक्के. बाकीचं पेंडीत राहिलं, म्हणजे दीडेक किलो तेल गेलं. इथे थेट रीत नक्कीच जिंकते.

मग त्यातलं ५०० ग्रॅम तेल नेहमीच्या रीतीने: १४० मिली मेथॅनॉल, पोटॅश ५ ग्रॅम अधिक सुट्या आम्लांचे २.१, म्हणजे बाटलीतले ८.४ ग्रॅम. ६० अंश, दीड तास. रात्रीत थर पडले. धुऊन वाळवून ४५५ ग्रॅम. दुपारी घरी जेवायला होतो.

सगळ्या ४.८ किलोला मेथॅनॉल लागलं असतं १.३ लिटर. त्याच २० किलो बियांना थेट रीतीने ५८ लिटर.

पोराचं तोंड उतरलं. त्याचा प्रकल्प थेट रीतीचा. मी म्हटलं, उतरायला काय झालं, आकडे दोन्हीकडचे छाप. घाणा गेला तरी घाण्याचं काम गेलं नाही, ते ओव्हनमध्ये आणि कंडेन्सरमध्ये गेलं. मोठ्या कारखान्यात, जिथे वाफ फुकटची उरते (साखर कारखान्यात ती उरते, हे मी सांगू शकतो), मेथॅनॉल बंद नळीत फिरतं, तिथे थेट रीतीचा विचार करावा. हेक्झेनसारखा दुसरा द्रावक थोडा मिसळून मेथॅनॉल कमी करता येतं, तेही कुणीतरी करावं. खानापुरात सात झाडांवर, घाणा बरा.

तो म्हणाला, "मग सर विचारतील, वर्षभर काय केलं?" मी म्हटलं, जूनच्या बियांचा आलेख दाखव. तो आलेख कुठल्या निबंधात मला दिसला नाही, कारण निबंध लिहिणाऱ्यांचं बी कोरडंच असतं.

१३ जुलै

तरवा काढणी संपली, रोपं लागली. आज्जी पेंडीचं विसरलेली नाही.

थेट रीतीचा चोथा तिला दिला नाही. चार दिवस ओव्हनमध्ये होता, वास येत नाही, पोटॅश असल्यामुळे खत म्हणून वाईटही नसावा, पण मेथॅनॉल पूर्ण गेलं याची खात्री करायला आमच्याकडे यंत्र नाही आणि तिच्या शेताशेजारी गाई चरतात. तो कॉलेजच्या टाकाऊ रसायनांबरोबर गेला. घाण्याची पेंड दिली, दोन पोती. तेल अर्धा लिटर मागून घेतलं तिने, बैलाच्या खांद्याला.

"डिझेल झालं काय गा मग?"

झालं म्हटलं. चार लिटरात आठशे मिली.

"व्हय? आणि हे तेल तसंच राहिलं?"

उरलेलं घाण्याचं तेल ३.८ किलो, पितळी कॅनमध्ये, माळ्यावर. परत मिळवलेलं मेथॅनॉल २.१ लिटर, कॉलेजच्या कपाटात, कुलपात, नोंदवहीत सही करून. किल्ली सरांकडे. ओढ्याकाठच्या झाडांखाली पाणी आहे, आज जाता आलं नाही.